पेनल्टी म्हणजे लॉटरी? (घरच्या ग्रुपवर, २०२२ची फुटबॉल वर्ल्डकप फायनल पुन्हा पाहिल्यावर)

काका: आज कतारमधल्या लुसेलची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा बघितली. फ्रान्सच्या एम्बाप्पेसाठी आजही जीव तुटतो. पुरुषांच्या वर्ल्डकप फायनलमध्ये तीन गोलची हॅटट्रिक, १९६६च्या जेफ हर्स्टनंतर पहिलीच, आणि तरी कप अर्जेंटिनाचा. ३-३ झालेला सामना पेनल्टी शूटआउटवर (एकेकाने फक्त गोलकीपरसमोर चेंडू मारायचा) सोडवणं म्हणजे निव्वळ लॉटरी.

दादा: काका, अगदी खरं. १२० मिनिटं खेळायचं आणि शेवटी नशिबावर सोडायचं.

ताई: काका, लॉटरी म्हणू नका ना. मी गोलकीपर आहे म्हणून मला हे लागतं.

आत्या: मग पुन्हा सामना का नाही खेळवत?

ताई: आत्या, पूर्वी खेळवायचे. १९६८च्या युरोत, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, इटली-युगोस्लाव्हिया फायनल १-१ झाली, दोन दिवसांनी पुन्हा खेळवली. आणि त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलला इटली आणि सोव्हिएत संघात चक्क नाणं उडवलं! लॉटरी म्हणायची तर ती. खेळाडूंच्या हातात काही उरलंच नव्हतं.

काका: बरं, ते मान्य. पण पेनल्टीत गोलकीपरच्या हातात तरी काय असतं? अकरा मीटरवरून चेंडू येतो. एका बाजूला झेप घ्यायची, लागला तर लागला.

ताई: तसं नाही काका. मारणारा पळत येताना त्याचं कंबरेपासून खाली वळण, टेकवलेला पाय कुठे रोखलाय, हे बघत शेवटच्या क्षणापर्यंत थांबायचं असतं. आधी हललात की संपलं. शिवाय चेंडू मारला जाईपर्यंत एक पाय रेषेवर हवा. या फायनलमध्ये अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझने फ्रान्सच्या कोमानची पेनल्टी अडवली. मग फ्रान्सच्याच चुआमेनीच्या पेनल्टीआधी त्याने चेंडू लांब टाकून दिला, चुआमेनीला तो स्वतः जाऊन आणावा लागला. त्याने बाहेर मारली.

दादा: हे मात्र मला आवडलं नव्हतं.

ताई: मलाही नाही रे दादा. पुढच्याच वर्षी नियमात लिहिलं गेलं की मारणाऱ्याचं लक्ष विचलित करायचं नाही, आणि ते योग्यच झालं. पण कोमानची अडवली ती निव्वळ कसब होती.

काका: एम्बाप्पेच्या तर तिन्ही आत गेल्या. सामन्यात दोन, शूटआउटमध्ये एक.

ताई: हो, तिथे तो मार्टिनेझपेक्षा भारी ठरला. म्हणूनच म्हणते, दोघांपैकी जो चांगला तो जिंकतो, नशीब नाही. आणि काका, शूटआउटच्या आधीचं विसरलात? १२० नंतरच्या वाढीव वेळेतलं १२३वं मिनिट. फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर. मार्टिनेझ पुढे आला, अंग पसरलं, आणि डाव्या पायाने चेंडू परतवला. तिथे गोल झाला असता तर शूटआउट झालंच नसतं, फ्रान्स ४-३ने जिंकला असता.

दादा: आणि लगेच दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाच्या लाउटारोचा हेडर बाहेर! तेव्हा मी उभाच राहिलो होतो.

आत्या: तो पाय त्याने मुद्दाम टाकला, की सहज लागला?

ताई: मुद्दाम, आत्या. असा एकटा गडी समोर आला की हात वर, एक पाय बाजूला ताणलेला, अशी अंगाची भिंत करायला शिकवतात. मी हे रोज शंभरदा करते. बहुतेक वेळा चेंडू कुशीतून निघून जातो.

काका: थांब, ते मिनिट परत लावतो. या वेळी कोलो मुआनीकडे नाही, मार्टिनेझच्या पायाकडे बघतो.