ब्रिटनमध्ये 'व्हीप काढला' की खासदारकी जाते का?

कृष्णाकाठ (सांगली)

ब्रिटनच्या राजकारणावर लक्ष ठेवणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. २०२२च्या जून-जुलैत दोन बंडं जवळजवळ एकाच वेळी झाली. आपल्याकडे दरे गावचे शिंदेसाहेब आमदार घेऊन आधी सुरतेला, मग गुवाहाटीला. २९ जूनला उद्धव ठाकरेंचा राजीनामा. पुढच्याच आठवड्यात, ७ जुलैला, लंडनमध्ये बोरिस जॉन्सन यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं, तेही स्वतःच्याच खासदारांमुळे. पण तिकडे कुणाला विमानात घालून कुठं नेलं नाही. हॉटेल नाही, अपात्रतेच्या नोटिसा नाहीत, 'मूळ पक्ष कुणाचा' म्हणून कोर्टबाजी नाही. असं कसं काय?

दुसरं म्हणजे जुलै २०२४ची बातमी : लेबर पक्षानं आपल्याच ७ खासदारांचा व्हीप काढला. काढला म्हणजे बजावला का? त्या सातांची खासदारकी राहिली की गेली? 'तिकडची लोकशाही प्रगल्भ आहे हो' छापाची उत्तरं नकोत. नियम आणि आकडे सांगा.

मेणवली_घाट (वाई)

आधी शब्दाचा गुंता सोडवू. आपल्या पेपरात 'पक्षानं व्हीप काढला' म्हणजे आदेश बजावला. तिकडच्या बातमीत त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे व्हीप काढून घेतला. मराठीत एकच क्रियापद दोन्हीकडे चालतं म्हणून घोळ होतो.

तिकडे व्हीप ही तीन वेगळ्या गोष्टींना मारलेली हाक आहे. एक, प्रतोद. दोन, दर आठवड्याला खासदारांना जाणारं कामकाजाचं पत्रक. त्यात प्रत्येक विषयाखाली रेघा असतात. एक रेघ म्हणजे आलात तर बरं, दोन म्हणजे या, आणि तीन रेघा म्हणजे यायचंच आणि सांगितलं तिकडंच मत द्यायचं. तीन, संसदीय पक्षाचं सदस्यत्व. त्या सातांचं हे तिसरं काढून घेतलं, सहा महिन्यांसाठी.

कारण असं. दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्या गरीब कुटुंबांना तिसऱ्या मुलापासून भत्ता नाही, ही मर्यादा आधीच्या सरकारनं घातलेली. ती उठवा, अशी दुरुस्ती स्कॉटिश नॅशनल पार्टीनं २३ जुलै २०२४ रोजी मांडली. ती ३६३ विरुद्ध १०३ अशी पडली. सात लेबर खासदारांनी दुरुस्तीच्या बाजूनं मत दिलं आणि त्याच संध्याकाळी त्यांचा व्हीप गेला. खासदारकी शाबूत, पगार शाबूत, मतदारसंघाचं काम चालू. फक्त सभागृहात अपक्ष म्हणून बसायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांतल्या चौघांना परत घेतलं. आणि नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात त्याच सरकारनं ती मर्यादा उठवायची घोषणा केली. ज्यासाठी बाहेर काढलं, तेच सव्वा वर्षात धोरण झालं!

मुळात फरक एवढाच, की ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदीचा कायदा नाही. आपल्याकडे १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. व्हीपविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्वावर गदा. एकतृतीयांश फुटीची पळवाट २००३च्या ९१व्या दुरुस्तीनं बंद केली, उरलं ते दोनतृतीयांशांचं विलीनीकरण. म्हणजे बंडखोराला आकडा जमेपर्यंत माणसं एकत्र धरून ठेवावी लागतात, फोनपासून लांब. गुवाहाटीच्या हॉटेलाचं बिल खरं तर या दोनतृतीयांशच्या अटीनं काढलेलं आहे. तिकडे एकट्यानं फुटलं तरी खुर्ची जात नाही. मग हॉटेल कशाला लागेल?

हळद_सौदा (सांगली)

कायदा नव्हता तेव्हा आपल्याकडेही असंच होतं की. १९७८ मध्ये वसंतदादांचं सरकार पडलं, तेव्हा बाहेर पडलेल्यांतल्या कुणाची आमदारकी गेली नाही. खंजिराची चर्चा मात्र अजून संपलेली नाही.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

जॉन्सन प्रकरणाची पायरी-पायरीनं मांडणी करतो, कारण त्यात 'अविश्वास ठराव' दोन प्रकारचा असतो आणि मराठी बातम्यांत दोन्ही एकच होऊन जातात.

सभागृहातला अविश्वास ठराव म्हणजे सरकारवरचा. तो यशस्वी झाल्याचं शेवटचं उदाहरण २८ मार्च १९७९चं. कॅलहन सरकार ३११ विरुद्ध ३१० असं एका मतानं पडलं. स्वपक्षाचे खासदार हा मार्ग सहसा धरत नाहीत, कारण सरकार पडलं की निवडणूक आणि निवडणुकीत स्वतःचीच जागा धोक्यात.

दुसरा पक्षांतर्गत. जॉन्सन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या मागच्या बाकांवरच्या, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांची '१९२२ कमिटी' आहे. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी 'नेत्यावर विश्वास नाही' असं पत्र कमिटीच्या अध्यक्षांना द्यायचं. पत्रं गुप्त. किती जमली हे फक्त अध्यक्षाला ठाऊक, आणि दिलेलं पत्र परतही घेता येतं. त्यामुळे पेपरांत छापून येणारे पत्रांचे आकडे बहुतेक अंदाजपंचे. २०२२ मध्ये पक्षाचे ३५९ खासदार होते, म्हणजे ५४ पत्रं हवीत. ती जमली आणि ६ जूनला मतदान झालं. गुप्त, कागदावर, साध्या बहुमताचं. जॉन्सन २११ विरुद्ध १४८ असे जिंकले.

आता इथं लोक अडखळतात. जिंकले, तर महिन्यात गेले कसे? नियमानं तर जिंकलेल्या नेत्याला वर्षभर पुन्हा आव्हान देता येत नव्हतं. आधीच्या पंतप्रधान थेरेसा मे डिसेंबर २०१८ मध्ये २०० विरुद्ध ११७ अशा जिंकल्या, त्यांनाही हेच संरक्षण होतं. पुढच्या मे महिन्यात त्यांनीही पद सोडत असल्याचं जाहीर केलं. नियम खुर्ची वाचवतो, पण तो खुर्चीला माणसं पुरवत नाही.

जुलै २०२२ मध्ये तेच झालं. उपप्रतोद ख्रिस पिंचर यांच्या वर्तनाच्या तक्रारी पंतप्रधानांना आधी माहीत होत्या की नाही, यावर सरकारनं बदलते खुलासे दिले. ५ जुलैला आरोग्यमंत्री साजिद जाविद आणि अर्थमंत्री ऋषी सुनक काही मिनिटांच्या अंतरानं बाहेर पडले. त्यानंतर दोन दिवसांत मंत्री, राज्यमंत्री, संसदीय सहायक धरून पन्नासच्या वर राजीनामे. ५ तारखेला नेमलेल्या शिक्षणमंत्री ७ तारखेला पदावर नव्हत्या. खात्यांची विधेयकं, समित्यांची कामं करायला राज्यमंत्रीच उरले नाहीत, तेव्हा सरकार कागदावर राहतं. बंडखोरांनी १९२२ कमिटीचे नियम बदलण्याची तयारीही चालवली होती, म्हणजे वर्षभराचं कवच तसंही टिकणार नव्हतं.

हळद_सौदा (सांगली)

म्हणजे घोडेबाजार नाहीच म्हणता? मला नाही पटत. माणूस सगळीकडे सारखाच.

मेणवली_घाट (वाई)

आहे की, फक्त दुकान वेगळं. कायद्याचा धाक नाही म्हटल्यावर प्रतोदांच्या हातात चार गोष्टी उरतात : मंत्रिपद, समितीवरची जागा, पुढं लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात वर्णी आणि पुढच्या निवडणुकीचं तिकीट.

मंत्रिपदाचा हिशेब सांगण्यासारखा आहे. १९७५च्या कायद्यानुसार हाउस ऑफ कॉमन्समधले, म्हणजे निवडून आलेल्या सभागृहातले जास्तीत जास्त ९५ जण मंत्री असू शकतात. त्याशिवाय बिनपगारी संसदीय सहायक. या सगळ्यांना मिळून तिकडे 'पगारी मतं' म्हणतात. यांनी सरकारविरुद्ध मत द्यायचं तर आधी पद सोडावं लागतं. म्हणून पंतप्रधानाकडे उघड मतदानात ही गठ्ठा मतं पक्की असतात. ६ जूनचं मतदान गुप्त होतं, त्यामुळे त्या गठ्ठ्यात किती भोकं पडली ते कुणालाच कळलं नाही.

तिकिटाची भीती सगळ्यांत मोठी. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रेक्झिटच्या मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ कॉन्झर्व्हेटिव्ह खासदारांचा व्हीप काढून घेतला. त्यात दोन माजी अर्थमंत्री होते, केन क्लार्क आणि फिलिप हॅमंड, आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्सही. खासदारकी एकाचीही गेली नाही. पण डिसेंबरात निवडणूक लागली. काही जण उभेच राहिले नाहीत, आणि डेव्हिड गॉक, डॉमिनिक ग्रीव्ह, अ‍ॅन मिल्टन अपक्ष लढले ते पडले. शिक्षा मिळतेच, फक्त ती सभापती देत नाही.

व्हीप परत देणं हेही हत्यार आहे. डिसेंबर २०१८च्या, मे यांच्यावरच्या मतदानाच्या अगदी तोंडावर, आरोपांमुळे निलंबित असलेल्या दोन खासदारांना पक्षात परत घेतलं, म्हणजे त्यांना मत देता येईल. दोन मतांसाठी! आपल्याकडच्या कुठल्याही सभापती निवडीत खपून जाईल असा प्रकार.

कृष्णाकाठ (सांगली)

धन्यवाद, बरंच सुटलं. दोन उपप्रश्न. खासदार थेट दुसऱ्या पक्षात गेला तरी पोटनिवडणूक नाही? आणि लेबर पक्षाला ही पत्रांची भानगड लागू आहे का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

पहिल्याचं उत्तर : नाही. जानेवारी २०२२ मध्ये ख्रिश्चन वेकफर्ड सभागृहात सरळ समोरच्या बाकावर, लेबरमध्ये जाऊन बसले. मार्च २०२४ मध्ये ली अँडरसन आणि सप्टेंबर २०२५ मध्ये डॅनी क्रुगर कॉन्झर्व्हेटिव्ह सोडून रिफॉर्म पक्षात गेले. कुणालाही पुन्हा मतदारांपुढं जावं लागलं नाही. २०१४ मध्ये डग्लस कार्सवेल आणि मार्क रेकलेस यांनी युकिप पक्षात जाताना राजीनामे देऊन पोटनिवडणूक लढवली आणि दोघं जिंकले, पण ती त्यांची मर्जी होती. गंमत म्हणजे तिकडच्या खासदाराला थेट राजीनामा देताच येत नाही. जुन्या नियमातून वाट काढायला 'चिल्टर्न हंड्रेड्सचा कारभारी' असं एक नाममात्र सरकारी पद मागून घ्यायचं. ते मिळालं की खासदारकी आपोआप जाते.

खासदार परत बोलावण्याचा २०१५चा कायदा आहे, पण पक्षांतर हे त्याचं कारण नाही. तुरुंगवास, खोट्या खर्चाबद्दल शिक्षा किंवा सभागृहातून निदान १० बैठकांचं निलंबन, यापैकी काही घडलं तरच. मग मतदारसंघात सहा आठवडे सह्यांसाठी अर्ज खुला राहतो आणि १० टक्के मतदारांनी सह्या केल्या की जागा रिकामी. २०१८ मध्ये नॉर्थ अँट्रिमला इयन पेझली यांच्याविरुद्ध ४४४ सह्या कमी पडल्या आणि ते वाचले. २०२३ मध्ये मार्गारेट फेरियर यांची जागा मात्र याच मार्गानं गेली.

दुसऱ्याचं उत्तर : लेबरमध्ये गुप्त पत्र नाही. नेत्याला आव्हान द्यायचं तर आव्हानवीर स्वतः खासदार हवा आणि त्याच्यामागं पक्षाच्या २० टक्के खासदारांची उघड नावं हवीत. नेतेपद रिकामं असेल तेव्हाची अट मात्र २०२१ पर्यंत १० टक्के होती. २०२४ मध्ये लेबरचे ४११ निवडून आले, म्हणजे ऐंशीच्या घरात माणसांनी नाव छापून यायची तयारी ठेवायची. विद्यमान नेत्याला नावं गोळा करावी लागत नाहीत. शेवटचा निर्णय पक्षसदस्यांचा. जून २०१६ मध्ये खासदारांनी तेव्हाचे लेबर नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. त्या ठरावाला पक्षघटनेत किंमत नव्हती. कॉर्बिन हलले नाहीत आणि सप्टेंबरात सदस्यांच्या ६१.८ टक्के मतांनी परत आले.

म्हणून लेबरचे खासदार नेता बदलण्यापेक्षा विधेयक अडवतात, ते जास्त सोपं पडतं. जुलै २०२५चं अपंग-भत्ता कपातीचं विधेयक बघा. १२० हून जास्त लेबर खासदारांनी विरोधाच्या दुरुस्तीवर आधीच सह्या केल्या. १ जुलैला मतदानाला दीडेक तास उरला असताना सरकारनं मुख्य कपातच विधेयकातून बाजूला काढली. तरीही ४९ जण विरोधात गेले. विधेयक ३३५-२६० असं पुढं सरकलं, पण पोकळ होऊन. दोन आठवड्यांनी चौघांचा व्हीप काढून घेतला. चौघांचाच, कारण ४९ काढले तर संदेश उलटा जातो.

गणपती_पेठ (सांगली)

सदस्यांच्या मतदानाचं फार कौतुक नको. जॉन्सननंतरचा नेता निवडताना, सप्टेंबर २०२२ मध्ये, कॉन्झर्व्हेटिव्ह सदस्यांची लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मतं पडली. देशाचा पंतप्रधान ठरवणारे लोक दीड लाखही नव्हते. आपल्या सांगली विधानसभेची मतदारयादी त्याच्या दुपटीहून मोठी आहे. २३ सप्टेंबरला करकपातीचा छोटा अर्थसंकल्प आला, पैसा कुठून आणणार ते सांगितलं नाही, सरकारी रोख्यांचे भाव कोसळले, निवृत्तीवेतन फंड अडचणीत आले आणि बँक ऑफ इंग्लंडला रोखे विकत घ्यावे लागले. २० ऑक्टोबरला राजीनाम्याची घोषणा. पुढच्या निवडीत १०० खासदारांची नावं आणा अशी अट घातली, त्यामुळे सुनक एकटेच उरले आणि सदस्यांना विचारावंच लागलं नाही. अट मुद्दाम उंच ठेवलेली, हे उघड आहे.

हळद_सौदा (सांगली)

फेब्रुवारी २०२१ आठवा. सांगली महापालिकेत बहुमत भाजपचं आणि महापौर राष्ट्रवादीचा. कायदा असून काय झालं?

मेणवली_घाट (वाई)

बरोबर. महापालिका, नगरपालिका, झेडपी यांना दहावी अनुसूची नाही, राज्याचा १९८६चा वेगळा अनर्हता कायदा लागतो. पण मतदान आधी होतं आणि अपात्रतेची सुनावणी नंतर. तोवर महापौर खुर्चीत. तिकडे ही सुनावणीच नाही, म्हणून निकाल त्याच दिवशी लागतो.

गणपती_पेठ (सांगली)

एक शंका. ३५९चे १५ टक्के ५३.८५ होतात. अपूर्णांक वरच घेतात का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

वरच. २०१८ मध्ये ३१५चे १५ टक्के ४७.२५ होत होते, तरी ४८ पत्रं लागली.