शिष्यवृत्तीसाठी एकच नाव द्यायचंय : ९.३ वाली मुलगी की माझ्याच विषयात नापास झालेला मुलगा?

गणिताचा मास्तर

मंडळी, सल्ला हवाय. भांडलात तरी चालेल, पण शनिवारच्या आत भांडा.

सांगली जिल्ह्यातल्या एका विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजात मी फर्स्ट इयरला एम-१ आणि एम-२ (गणिताचे दोन विषय, दोन सेमचे) शिकवतो. माजी विद्यार्थ्यांचा एक छोटा ट्रस्ट दर वर्षी पहिल्या वर्षाच्या एकाच विद्यार्थ्याला ४०,००० रुपये देतो. प्रत्येक मेंटॉरने आपल्या वीस जणांतून एक नाव पाठवायचं, सोबत दीडशे शब्दांत शिफारस. माझ्यासमोर दोन नावं आहेत.

मुलगी : पहिल्या सेमला दहापैकी ९.३. वडील रिक्षा चालवतात. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या खूप आत, कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश. त्यामुळे जुलै २०२४च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. गावाहून एसटीने ये-जा करते. पहिला बाक, वही अशी की झेरॉक्स काढून वर्गभर फिरते.

मुलगा : ६.१ आणि एम-१ला बॅक. (मुंबईकरांनी केटी वाचावं.) होय, माझ्याच विषयात. जत तालुका, दोन एकर कोरडवाहू, वडील नाहीत. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी फी सुटते. उरलेली निम्मी, खोली आणि मेस त्याचं तो बघतो.

कसं बघतो ते मला डिसेंबरात कळलं. तोवर पहिल्या तासाला झोपतो म्हणून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढला होता. एके दिवशी पहाटेची पुण्याची गाडी पकडायला स्टँडवर गेलो, तर हा कठड्याखाली पोतं अंथरून पेपरात पुरवण्या भरत बसलेला. शेजारी सायकल. मला बघून उठून उभा राहिला, हात काळे म्हणून पाठीमागे लपवले. काही बोलला नाही. मीही नाही.

वर्कशॉपच्या सरांनी त्याचा फिटिंगचा जॉब (प्रात्यक्षिकात बनवलेली वस्तू) कपाटात ठेवून घेतलाय. दोन पट्ट्या, एकीत चौकोनी खाच, दुसरीला तिच्यात बसणारा खुंट. बाकी पोरांचे जॉब उजेडाकडे धरले की फटीतून समोरची खिडकी दिसते. याचा अंगठ्याने दाबला की सरकत जाऊन बसतो, आणि उजेड येत नाही.

माझा कल मुलाकडे आहे. चुकतोय का?

खडूस काका

चुकताय. मी अशाच एका शिष्यवृत्ती समितीवर अकरा वर्षं काढली. तुमच्यासारखी पत्रं पोत्यानं वाचलीत. स्टँड, पहाट, काळे हात. वाचताना आमच्याही घशात आवंढा यायचा. आणि त्यातली बरीच पोरं दुसऱ्या वर्षाला दिसायची नाहीत, कारण एम-१ राहिला, मग एम-२ राहिला, मग वाय. डी. (इयर डाउन, वर्ष वाया) झालं आणि पैसे पाण्यात.

गुण अन्यायकारक असतील, पण ते सगळ्यांना सारखे दिसतात. उद्या कुणी विचारलं की ९.३ सोडून नापास का निवडला, तर "मास्तरांची गाडी पहाटेची होती" हे उत्तर देणार? आज तुमचा हेतू चांगला आहे. परवा याच वाटेने दुसरा एखादा सर आपल्या भाच्याचं नाव घुसवेल. वशिल्याला गुणांइतका दुसरा अडसर नाही.

पिंपळपान

काका, गुण "सगळ्यांना सारखे दिसतात" म्हणता, पण मग पत्र मागवायचंच कशाला? निकालाची यादी लावा आणि पहिल्या नावाला चेक द्या, मास्तरांचे दीडशे शब्द लिहायचे कष्ट वाचतील. ट्रस्टने पत्र मागितलं याचा अर्थ यादीत जे दिसत नाही ते त्यांना हवंय.

आणि केळुस्कर गुरुजी आठवा. कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांसाठी त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, महिना २५ रुपये मिळाले. ती शिफारसच होती. मार्कशीटवर काय होतं ते आज कुणाला आठवतंय?

खडूस काका

उदाहरण अर्धंच दिलंत. महाराजांनी शब्दावर पैसे दिले नाहीत. मुलाला समोर बोलावलं, स्वतः प्रश्न विचारले, उत्तरं पटली तेव्हा दिले. आणि १९१३मध्ये कोलंबियाला पाठवताना परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची असा करार करून घेतला. दाता डोळे उघडे ठेवून देत होता. इथे ट्रस्ट मुलाखत घेणार आहे का? नसेल तर आकडाच पाहावा लागतो.

(केळुस्कर गुरुजींचं नाव घेतल्यावर विरोध करायलाही संकोच होतो, हा डाव मात्र चांगला होता.)

नाममात्र

आकड्यांबद्दल बोलूच नका. उत्पन्नाचा दाखला हाही आकडाच. आमच्या गावात दारात दोन गाड्या असलेल्याचा दाखला ९६ हजारांचा, आणि माझे वडील शिपाई, पगारपत्रकात पैसा न पैसा दिसणार, म्हणून आम्ही "सधन". मास्तर, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय ते कुठल्याही दाखल्यापेक्षा खरं.

दुपारची एसटी

मी जरा कडवट बोलणार आहे, मास्तर, राग मानू नका.

मुलाबद्दल तुम्ही दोन मोठे परिच्छेद लिहिलेत. स्टँड, पोतं, सायकल, खुंट, खाच. मुलीबद्दल काय? बाक आणि वही. मुलगा तुम्हाला दिसला कारण तो रस्त्यावर होता. मुलगी पहाटे पाचला काय करते ते बघायला कुणाची गाडी तिच्या स्वयंपाकघरावरून जाते? मी स्वतः पाच वर्षं असा अपडाऊन केलाय. डबे भरून निघायचं, परत येऊन भाकरी थापायच्या, आणि मार्क चांगले पडले की सगळे म्हणणार हिचं बरं चाललंय. मार्क कमी पडले असते तर निदान कुणी विचारलं तरी असतं.

तुम्ही "डोळ्यांनी पाहिलं" तो निव्वळ योगायोग. त्या योगायोगावर ४०,००० रुपये देऊ नका. आधी तिलाही बघा.

दुसरं, फी माफ म्हणजे खर्च संपला असं लिहिल्यासारखं वाटलं. शिक्षण शुल्क माफ होतं, लॅपटॉप माफ होत नाही. तिने एआयसीटीईच्या (केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या) प्रगती शिष्यवृत्तीचा अर्ज केलाय का? मुलींसाठीच आहे, वर्षाला ५०,०००, आठ लाखांपर्यंत उत्पन्न, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. एका वेळी दोन सरकारी योजना घेण्याच्या अटी असतात, त्या वाचाव्या लागतात. पण पदवीच्या पहिल्या वर्षालाच अर्ज भरायचा असतो.

गणिताचा मास्तर

ताई, राग नाही. दुखलं मात्र.

आज तिला बोलावून विचारलं. आधी "सगळं ठीक आहे सर" एवढंच तीनदा. मग म्हणाली, सी-लँग्वेजचे प्रोग्रॅम मोबाइलवर टाइप करते, घरी कॉम्प्युटर नाही. कॉलेजची लॅब साडेचारला बंद होते आणि तिची एसटी पावणेसहाची, तो सव्वा तास ती स्टँडवर वहीत प्रोग्रॅम लिहून काढते. मी जिची वही सुरेख सुरेख म्हणत होतो ती वही अशी तयार होते.

प्रगतीचं विचारलं. तिला माहीत नव्हतं. खरं सांगतो, मलाही नव्हतं. शिष्यवृत्ती कक्षात विचारलं, या वर्षीची मुदत केव्हाच संपली.

खडूस काका

मेंटॉर म्हणवता आणि मुलींसाठीची एवढी मोठी योजना माहीत नाही? पहिल्या दिवशी वर्गात फळ्यावर लिहायची गोष्ट आहे ही. माझं मत माहीत आहे, मुलीला द्या. पण एक सांगतो, माझ्या बाजूच्या विरुद्ध जात असलं तरी : तुमची चूक झाली म्हणून तिचं नाव देऊ नका. तुमच्या चुकीची भरपाई ट्रस्टच्या पैशातून करायची नसते. द्यायचं तर तिच्या ९.३साठी द्या.

सातारी कंदी

मुलासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता बघितला का? अल्पभूधारकाच्या मुलांसाठीही आहे. दोन एकर म्हणजे बसेल.

गणिताचा मास्तर

बघितला, त्याने महाडीबीटीवर (शासनाच्या पोर्टलवर) अर्जही भरलाय. पैसे येतील तेव्हा येतील. मेसवाल्या काकू पहिल्या तारखेला मागतात.

पोटोमॅककाठी

थोडं विषयांतर. मी इंजिनिअरिंग भारतात केलं, मग एमएससाठी इकडे अमेरिकेत आलो. तेव्हा माझी तिन्ही शिफारसपत्रं मीच लिहिली होती. तीन सरांनी फक्त सही केली. एकात मी "अत्यंत कष्टाळू", दुसऱ्यात "अतिशय परिश्रमी", तिसऱ्यात "मेहनती". सगळ्या मित्रांनी हेच केलं. इकडे प्राध्यापक सहसा पत्र विद्यार्थ्याला दाखवतही नाहीत, वाचायचा हक्क सोडल्याची सही बहुतेकदा आधीच झालेली असते. आता माझ्याकडे इंटर्नसाठी अशी पत्रं येतात. विशेषणांवरून नजर घसरते, आणि कुठे एखादा दोष लिहिलेला दिसला की तिथे थांबते. दोष लिहिणाऱ्याने पोराला खरंच पाहिलेलं असतं.

मास्तर, नाव कुणाचंही द्या. मुलाचं दिलंत तर बॅक लपवू नका. शेवटच्या ओळीत कुजबुजू नका, वरच लिहा.

भर दुपारी

मला अशी शिष्यवृत्ती मिळाली होती, म्हणून लिहितो. पैसे लागले तेव्हा आले, उपकार विसरणार नाही. पण स्नेहसंमेलनात स्टेजवर बोलावून माइकवर सांगितलं, "याची आई धुणीभांडी करते." तीन वर्षं माझं नाव मागेच पडलं, धुणीभांडी पुढे. सरांनी प्रेमानेच लिहिलं होतं पत्रात. मला विचारलं नव्हतं.

पत्रात पेपरचं लिहिणार असाल तर आधी त्या पोराला विचारा. हात पाठीमागे लपवले म्हणताय ना?

पिंपळपान

हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. धन्यवाद.

गणिताचा मास्तर

विचारलं. बराच वेळ बुटाकडे बघत होता. म्हणाला, "पेपरचं लिहा सर. घरचं नको."

नाव मुलाचंच देतोय. काकांशी अर्धा सहमत असून देतोय. मुलगी काहीही झालं तरी इंजिनिअर होणार, त्रास सोसून होणार, आणि तो त्रास मला आठवडाभरापूर्वीपर्यंत दिसला नव्हता हे माझं अपयश. मुलाचं तसं नाही. मे महिन्यात एम-१ आणि एम-२ दोन्ही द्यायचेत आणि पहाटे साडेतीनला उठणारं पोर दोन्ही एकदम काढेल असं मला वाटत नाही. ४०,०००मध्ये त्याची चार-पाच महिन्यांची मेस आणि खोली सुटते, तेवढे महिने पेपरची लाइन सोडता येते. ट्रस्टचा पैसा कुणाच्या बाबतीत फरक पाडेल, एवढाच हिशेब केला. हिशेब चुकू शकतो, गणिताच्या मास्तराचाही.

मुलीसाठी लॅब पावणेसहापर्यंत उघडी ठेवा असा अर्ज एचओडींकडे दिलाय. थांबायला असिस्टंट नाही म्हणतात. मी थांबतो म्हटलंय. अजून उत्तर नाही.

पत्र असं लिहिलंय, बघा :

"सदर विद्यार्थी माझ्या विषयात पहिल्या सत्रात अनुत्तीर्ण झाला आहे. पासिंगला ४० लागतात, त्याला २९ आहेत. उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. त्याने सोडवलेल्या चार गणितांपैकी तीन पूर्ण बरोबर आहेत, प्रश्नपत्रिकेतील बाकीची गणिते त्याने हातीच घेतलेली नाहीत. तो पहाटे साडेतीनपासून नेमानं वृत्तपत्रांचे काम करून साडेनऊच्या तासाला येतो. या तासाला झोपल्याबद्दल मी त्याला दोनदा वर्गाबाहेर काढले आहे. त्यामागचे कारण मी तेव्हा विचारले नाही. त्याचा फिटींगचा जॉब वर्कशॉपमध्ये जपून ठेवला आहे, समितीने तो मागवून पाहावा. ही रक्कम मिळाल्यास तो मेपर्यंत पहाटेचे काम थांबवेल असे त्याने मला सांगितले आहे. तो दोन्ही विषयांत उत्तीर्ण होईल अशी हमी मी देऊ शकत नाही. मेपर्यंत दर शनिवारी दोन तास त्याच्याबरोबर बसण्याची हमी देतो."

दुपारची एसटी

मला अजूनही वाटतं ती मुलगी हवी होती. लॅबचं काय झालं ते मात्र इथे लिहा, विसरू नका.

खडूस काका

मतभेद कायम. समितीवर असतो तर विरोधात मत दिलं असतं आणि हरलो असतो बहुतेक.

"नेमानं" नको, "नियमितपणे" करा, बाकीचं पत्र प्रमाण भाषेत आहे. "या तासाला" ऐवजी "त्या तासाला". आणि "फिटिंग"मधला टि ऱ्हस्व.