मदत हवी आहे: बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला नागपूरहून पुण्यात कॉलेज बदलावं का?

मोगरा
भाची नागपूर विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात बीएस्सीला आहे. मेजर (मुख्य विषय) रसायनशास्त्र, मायनर (दुय्यम विषय) वनस्पतिशास्त्र. चार सेमिस्टर झाल्या, तिसऱ्या सेमची एक केटी (नापास राहिलेला पेपर) बाकी. तिच्या आईची बदली पुण्याला झालीय. तिथल्या एका कॉलेजात तोंडी 'या, करून टाकू' असं सांगितलंय. टीसी काढायची का?

तळटीप
मोगराताई, टीसी इतक्यात अजिबात नको. तोंडी होकार क्लार्कच्या टेबलापर्यंतसुद्धा टिकत नाही.

नुसतं कॉलेज बदलत असतं तर रिकामी जागा आणि एनओसीवर भागलं असतं, कारण पदवी देणारं विद्यापीठ तेच राहतं. इथे विद्यापीठच बदलतंय. राज्याच्या नव्या आराखड्यात सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक), म्हणजे तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे क्रेडिट साठवण्याच्या खात्याच्या, 2021 च्या नियमांत किमान 50 टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवायची अट आहे. पुण्यात एकाच वर्षात होतील 40 ते 44, म्हणजे एक तृतीयांश; अटीला कमीच. चार वर्षांची ऑनर्स धरली तर 160 ते 176 पैकी निम्मे पुण्यात होतात, पण तेही अगदी काठावर.

मोगरा
बाप रे, हे गणित कुणी सांगितलंच नव्हतं. तरी घरच्यांनी हट्ट धरला तर?

कारकून काका
मग क्रम चुकवू नका. आधी केटी सोडवा. मायग्रेशन (विद्यापीठ सोडल्याचा दाखला) निघालं की जुन्या विद्यापीठाशी नोंदणी संपते आणि तो पेपर अधांतरी लटकतो. मग पुण्यातल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला याच मेजर-मायनरची जागा रिकामी आहे का ते लेखी घ्या. चारही सेमच्या गुणपत्रिका आणि कॉलेजचा शिक्का मारलेला अभ्यासक्रम जोडून इक्विव्हॅलन्सला (दोन्हीकडचे पेपर समकक्ष ठरवायला) अर्ज करा. अभ्यासक्रम युनिटनुसार जुळवा. पेपरचं नाव एक असलं तरी आत काय शिकवलं ते वेगळं निघतं, आणि प्रॅक्टिकल तर हमखास अडतात. न जुळलेले पेपर पाचव्या-सहाव्या सेमसोबत जादा द्यावे लागले तर पोरीचं कंबरडं मोडेल. विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रतेची मंजुरी) हातात आल्यावरच टीसी आणि मायग्रेशन.

फर्ग्युसनसारखं स्वायत्त कॉलेज असेल तर पुणे विद्यापीठाचा नव्हे, त्या कॉलेजचा स्वतःचा अभ्यासक्रम मागा.

आणि दोन्हीकडे फी भरून बसू नका. युजीसीच्या 2018 च्या परतावा नियमानुसार प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी रद्द केलं तर प्रक्रिया शुल्क वगळून पूर्ण परत, तारखेनंतर 30 दिवस उलटले की शून्य.

तळटीप
काकांना अनुमोदन. तरी माझं मत: एक वर्ष नागपुरात वसतिगृहात काढू दे. दोन सेमिस्टरांचाच प्रश्न आहे. तीन वर्षांची पदवी हातात आली की पुण्यात दोन वर्षांच्या एमएस्सीला जाता येतं. तेव्हा मायग्रेशन लागतंच, पण पेपरजुळणीचा हा घोळ उरत नाही.

मोगरा
मनापासून आभार. सोमवारी आधी केटीच्या फॉर्मची तारीख बघते, मग वसतिगृहाची चौकशी.