मदत हवी आहे : घरच्या सहा पक्ष्यांसाठी मानमोडीची लस

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ राहतो. घरच्या ताज्या अंड्यांसाठी परसात पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. गेल्या वर्षी मानमोडीने (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाने) वाडीतली बरीच खुराडी रिकामी झाली, म्हणून यंदा लस वेळेत द्यायचीच आहे. अडचण अशी की लासोटाची, म्हणजे मानमोडीच्या लसीची, बाटली शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि एकदा द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी बाटली फोडून उरलेली फेकायची, हे मनाला पटत नाही. वाडीतल्या सगळ्यांनी मिळून एकाच सकाळी लस दिली, असं कुणी केलंय का? दुकानातून घरापर्यंत बाटली थंड कशी ठेवलीत? थेंब डोळ्यात घालता की पाण्यातून देता? पाण्यातून दिली तर कुठली कोंबडी किती प्यायली ते कळत नाही, म्हणून माझा कल डोळ्याकडे आहे.

आणखी एक. आमची तलंग (नुकतीच अंडी घालू लागलेली कोंबडी) फार पातळ कवचाची अंडी घालतेय. शिंपल्यांचा चुरा खुराड्यात वेगळ्या वाटीत ठेवलाय. तो दाण्यातच मिसळावा का? अनुभव असलेल्यांनी जरूर लिहा, सगळी वाडी तुमच्या उत्तराची वाट बघतेय.