घराबाहेर पडल्यावर नेमके कुठे अडते? नागपुरातील दिव्यांगांचा अनुभव धागा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता मिळाली. कायद्याची चर्चा बरीच झाली आहे. या धाग्यात नागपुरात रोजच्या व्यवहारात कुठे अडते, ते स्वतः किंवा घरच्यांनी लिहावे. सहानुभूती नको, पायरी कुठे आहे ते सांगावे.

धरमपेठ
मी व्हीलचेअर वापरते. मेट्रोच्या सीताबर्डी स्थानकात लिफ्टने फलाटावर जाणे मला एकटीला जमते. खरी अडचण रस्त्यावर आल्यावर सुरू होते, कारण पदपथाची कड जिथे उतरती केलेली असते, नेमक्या तिथेच मोटारसायकली उभ्या असतात. उताराचे गणित साधे आहे : एक फूट चढायचे तर किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. माझ्या बँकेच्या पायऱ्या मिळून दीड फूट उंची होते, म्हणजे अठरा फूट उतार लागेल. तिथे जेमतेम पाच फुटांचा लोखंडी पत्रा टाकला आहे. कागदोपत्री रॅम्प आहेच! पहारेकरी दादा धावत येऊन खुर्ची ढकलतात, माणूस भला आहे, परंतु स्वतःचे पैसे काढण्यासाठी मला कुणाच्या भलेपणाची वाट पाहावी लागू नये.

सक्करदरा
मला ऐकू येत नाही. दवाखान्यात नंबर नुसता पुकारतात, फलकावर दाखवत नाहीत. त्यामुळे मी पूर्ण वेळ परिचारिकेच्या ओठांकडे पाहत बसतो, आणि मास्क असला की तेही संपते.

इंदोरा
माझ्या मुलाला सिकलसेल आहे. विदर्भात हा आजार कुणाला नवा नाही आणि २०१६ च्या कायद्याने तो दिव्यांगत्वात धरलाही आहे, पण तो बाहेरून दिसत नाही. शरीरातले पाणी कमी झाले किंवा थंडी बाधली की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य दुखतात. म्हणून त्याला सतत पाणी प्यावे लागते, साहजिकच वारंवार लघवीलाही जावे लागते. शाळेत ही कामचुकारपणाची लक्षणे ठरली. मार्चमध्येच ऊन तापू लागते, तेव्हा वर्गात बाटली जवळ ठेवण्याच्या परवानगीसाठी मला प्रमाणपत्राची प्रत घेऊन जावे लागले. ‘हातपाय तर धड आहेत की,’ असे तिथल्या एका बाईंनी त्याच्यासमोरच म्हटले. लेकराने त्या दिवसापासून बाटली दप्तरातच ठेवली.

महाल
मी पूर्णतः अंध आहे. पदपथावरील पिवळ्या फरशीवर लांब रेघा लागल्या की चालत राहायचे, ठिपके लागले की थांबायचे. आमच्याकडे एका ठिकाणी रेघा थेट विजेच्या डीपीवर जाऊन आदळतात, मध्ये ठिपका एकही नाही. फरशी वळवायची की डीपी हलवायची, यावर दोन कार्यालयांचा पत्रव्यवहार सुरू आहे.