कटल्याच्या कल्ल्यांवर पिवळट डाग, रोजची मर: परमँगनेट किती टाकावे?

तळ्याकाठी (प्रश्न):
प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे, 30×30×3 मीटर, कडांना 1:1 उतार. सध्या पाणी 2 मीटर. कटला-रोहू, सरासरी 300 ग्रॅम. पाच दिवसांपूर्वी ओढजाळे लावून विरळणी केली. तिसऱ्या दिवसापासून रोज 15-20 मासे मरतात, बहुतेक कटले. पहाटे वर येऊन तोंड उघडमिट करतात, खाद्याला शिवत नाहीत. कल्ल्याच्या पाकळ्यांवर पिवळट-राखाडी डाग, टोके कुजून झडलेली. पाणी 30 अंश, सकाळी पीएच 8.4, एकूण अमोनिया 1 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). दुकानदार सांगतो, 2 पीपीएम पोटॅशियम परमँगनेट आणि सोबत ऑक्सिटेट्रासायक्लिन (प्रतिजैविक) पाण्यात सोडा. 30×30×2 धरून 3.6 किलो होते, बरोबर का? मीठ चालेल का? हेच पाणी ठिबकने डाळिंबाला जाते.

जाळेबंद:
हिशेब चुकला आहे. उतारामुळे तळ 24×24 आणि आत्ताची पाण्याची पातळी 28×28 आहे. मधला छेद 26×26 धरला की पाणी 1355 घनमीटर निघते, 1800 नाही. म्हणजे 2 पीपीएमला 2.7 किलो. 3.6 किलो टाकले तर तिसरा हिस्सा जास्त पडेल. आणि पीएच चढा असताना परमँगनेट आधीच सोललेल्या कल्ल्यांना जास्त बाधते.

पण 2 पीपीएम हाही अंदाजच. हिरव्या, गाळकट पाण्यात शेवाळ आणि गाळच निम्मे औषध खाऊन टाकतात, मग जिवाणूला काही उरत नाही. आधी बादलीत पाहा: 1 ग्रॅम परमँगनेट 1 लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा. तळ्याचे 10-10 लिटर पाणी चार बादल्यांत घेऊन त्यात हे द्रावण 5, 10, 15, 20 मिली घाला, म्हणजे 0.5, 1, 1.5 आणि 2 पीपीएम. 15 मिनिटांनी ज्या सर्वांत कमी मात्रेला गुलाबी रंग टिकलेला असेल, तिची अडीचपट हा डोस, मात्र 2 पीपीएमच्या खाली नको. 1.5 लाही रंग उडाला तर औषध थांबवा, आधी तिसरा हिस्सा पाणी बदला.

सकाळी 9 नंतर, पूर्ण विरघळवून, चहूबाजूंनी फेकून टाका. एरेटर रात्रभर चालू हवा, कारण मेलेले शेवाळ ऑक्सिजन ओढते. दोन-तीन दिवस मर चालूच राहील. झडलेले कल्ले एका रात्रीत भरत नाहीत. घाबरून दुसऱ्या दिवशी पुन्हा डोस देऊ नका, आठवडा जाऊ द्या.

सूक्ष्मदर्शी:
लक्षणे कॉलम्नॅरिस या जिवाणूजन्य रोगाचीच वाटतात (जिवाणू: फ्लेव्होबॅक्टेरियम कॉलम्नेर). जाळ्याने खवले-श्लेष्मा खरवडला आणि पाणी 25 अंशांच्या वर असले की या जिवाणूला फावते. तरी औषधाआधी खात्री करा. मेलेला नव्हे, मरणपंथाला लागलेला जिवंत मासा घ्या. पाकळीचे टोक कात्रीने कापून तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात, काच झाकून 400 पटीत पाहा. लांब बारीक काड्या वाकत, सरकत दिसतात आणि काही मिनिटांत पाकळीच्या कडेला कडब्याच्या गंजीसारखे ढीग रचतात. आकड्यांनी चिकटलेला वळवळता किडा दिसला तर तो डॅक्टिलोगायरस, त्याचा इलाज वेगळा. कल्ले सगळीकडे एकसारखे चॉकलेटी असतील तर नायट्राइट मोजा. सूक्ष्मदर्शक नसेल तर ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत जिवंत मासे उदगीर, नागपूर किंवा शिरगावच्या (रत्नागिरी) मत्स्य महाविद्यालयात न्या.

ऑक्सिटेट्रासायक्लिन पाण्यात टाकू नका. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला बांधून ठेवतो, पैसे पाण्यात जातात. ते खाद्यातून, तेही तज्ज्ञाच्या चिठ्ठीनेच द्यायचे. आणि तुमचे मासे तर खातच नाहीत.

खारेगोडे:
दादा, मिठाचा विचार तळ्यासाठी सोडा. 0.1 टक्क्यालाच 1355 किलो लागेल, आणि ते सगळे ठिबकमधून डाळिंबाच्या मुळाशी जाईल. मीठ पुढच्या विरळणीला टबात वापरा: लिटरला 10 ग्रॅम, 10 मिनिटे, समोर उभे राहून. मासा कलंडला की लगेच गोड्या पाण्यात.

अमोनिया 1 म्हणजे थोडाच, असे समजू नका. 30 अंशांवर पीएच 8.4 ला त्यातला सुमारे 17 टक्के विषारी रूपात असतो. दुपारी पीएच 9 ला गेला की तोच 45 टक्क्यांच्या आसपास. दुपारी 3 ला पुन्हा मोजा. खाद्य तीन दिवस पूर्ण बंद. तळाचा गाळ ढवळायचा नाही, तळाचे पाणी पंपाने डाळिंबाला काढा आणि वरून ताजे सोडा.

मेलेले मासे दिवसातून दोनदा काढून चुना टाकून पुरा. ते ओढजाळे धुऊन कडक उन्हात दोन दिवस वाळल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालू नका.