अनुभव धागा : आज्ञा पाळताना चिमटा कुठे बसतो?

मूळचा नगरकडचा, आता मडगावात इलेक्ट्रिकचं दुकान. बायबलात मत्तयच्या २१व्या अध्यायात दोन मुलगे आहेत. बाप म्हणतो, मळ्यात जा. एक तोंडावर नाही म्हणतो आणि नंतर जातो, दुसरा आदबीनं हो म्हणतो आणि जातच नाही. मी हा दुसरा. उपासनेत माझा आवाज सगळ्यांत मोठा, आणि सोमवारी गिऱ्हाईक विचारतं, “बिलाशिवाय कितीला?” तर तोंडातून आकडा निघतोच. ‘होय तर होय, नाही तर नाही’ हे वचन गल्ल्यामागे लावल्यापासून बिल फाडतो. एक कंत्राटदार गेला, परत आला नाही. त्याची आठवण महिनाअखेरीला हमखास येते.

प्रार्थना फळल्याचे अनुभव इथे नकोत, ते पुष्कळ ऐकले. पाळायला जड गेलं ते लिहा. नाव नको, गाव पुरे.

बार्देस
घरात कोंकणी, शाळा मराठी, म्हणून मराठीत लिहितो. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे मुलीचा वाटा मुलाइतकाच. कागदावर. प्रत्यक्षात भाऊ नोटरीकडे हक्कसोडीचा कागद करून ठेवतो आणि बहीण फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, माहेरी आली की जेवणानंतर पुढे सरकवतो. मीही करून ठेवला होता. ईस्टरआधी कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापं कबूल करायला, गेलो. लहानसहान पापं सांगून झाल्यावर, हेही आपलं सांगायचं म्हणून सांगितलं. पाद्रींनी उपदेश केला नाही. एवढंच विचारलं, “तिला तो वाचायला दिलास?”

दिला. तिनं वाचला, सही केली नाही. याला आता दोन वर्षं झाली. वाटणी अडलेली, पागोळी स्वयंपाकघरात गळते, बायको माझ्याकडे बघते आणि मी छपराकडे. मन शांत झालं असं कोणी म्हणत असेल तर माझं झालेलं नाही. पण बहीण परवा फोनवर हसली. मागच्या फेस्ताला ती आली तेव्हा पाहुण्यासारखी बाहेरच्या सोप्यावर बसली नाही, सरळ आत येऊन कालवण ढवळू लागली.

म्हापसा
माझा विनोदीच आहे. चाळीसेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपासातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात. आता गोव्यात हा उपास म्हणायचा की मेजवानी? आम्ही गुरुवारी मटण खायचो आणि शुक्रवारी इसवण, म्हणजे सुरमई, तळायचो. सासूनं एका वर्षी न बोलता शुक्रवारी पेज आणि आंब्याचं लोणचं वाढलं आणि इसवणाचे पैसे डब्यात टाकले. ईस्टरला तो डबा शेजारच्या आजारी बाईकडे गेला. पहिल्या शुक्रवारी मी चिडले होते, हे कबूल.

वास्को
मी वेगळं लिहिणार आहे, राग येईल त्याला येऊ दे. नवरा मारायचा. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातलं २२वं वचन दाखवलं : स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. चार वर्षं तेच आज्ञापालन समजून राहिले. मग एका रात्री, ओठ सुजलेला असताना, एक ओळ वर वाचली. २१वं वचन : एकमेकांच्या अधीन असा. मला कोणी ते दाखवलंच नव्हतं. पुढे नवऱ्यांना सांगितलंय, ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी प्रीती करा. तेही माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं.

मुलाला घेऊन निघाले. मला जड गेलं ते यानंतरचं. मुलगा बापाबद्दल विचारतो तेव्हा जीभ शिवशिवते. खोटं बोलायचं नाही आणि विषही ओतायचं नाही. आठवड्यातून एकदा तरी हरते. परत घरी का जात नाहीस, असं विचारणाऱ्यांनी कृपया इथे विचारू नये.

सासष्टी
आमचा ट्रॉलर आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारीला बंदी. ती पाळतो, त्यात कसली फुशारकी! खरी परीक्षा ऑगस्टनंतर, दिवे लावून मासे गोळा करण्याची. केंद्रानं २०१७मध्ये बंदी घातली, तरी दूरवर दिवे दिसतात. खलाशी म्हणतात, “पात्रांव (मालक), आम्हीच काय ते शहाणे?” उत्तर सापडत नाही. जाळं रिकामं घेऊन येतो आणि पोरांचा पगार खिशातून देतो.

पेडणे
मी ख्रिस्ती नाही. नारळ पाडतो, पाडेली म्हणतात आम्हाला. मजुरी बहुतेक ठिकाणी “नारळ विकले की” या बोलीवर असते, म्हणजे तीन फेऱ्या माराव्या लागतात. बार्देसात एक म्हातारी बाय आहे, तिच्याकडे वीसेक माड. ती सूर्य मावळायच्या आत पैसे हातात ठेवते, नारळ अंगणात पडून असले तरी. तिच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, मजुराची मजुरी रात्रभर घरात ठेवायची नाही. एकदा सुटे नव्हते, पन्नास राहिले. मी म्हटलं, पुढच्या पाडणीला द्या. रात्री साडेआठला भर पावसात तिचा नातू स्कूटरवर माझ्या दारात, प्लास्टिकच्या पिशवीत पन्नासची नोट. पुढच्या खेपेला मी रागावलो, पोराला कशाला भिजवलंत?

म्हणाली, “म्हाका न्हीद पडना.”